नवा लॅपटॉप, मराठी लेखन आणि मोफत वर्ड : बाबांसाठी काय टाकू?

निंबोणी, १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी गेल्या रविवारी नवा लॅपटॉप घेतला. बाबा ७१ वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, राजापूर तालुक्यात आमच्या गावीच असतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम मनावर घेतलंय : भातशेतीतले शब्द गोळा करायचे. कवळ, भाजावळ, तरवा, इरलं, उडवी, मुडी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पडवीत बसून त्यांनी हे एकेक करून लिहून घेतलंय. पाच जाड वह्या भरल्यात. ज्यांनी सांगितलं त्यातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत. बाबांना हे सगळं स्वतः टाइप करायचंय, कुणाला पैसे देऊन करून घ्यायचं नाहीये.

अडचण अशी की लॅपटॉपमध्ये जे वर्ड आहे ते महिनाभरापुरतंच आहे, पुढे वर्षाचे पैसे भरायचे. दुकानदार म्हणाला, "ताई, पाचशे द्या, कायमचं ऑफिस टाकून देतो." मला ते बरोबर वाटलं नाही, म्हणून नको म्हटलं. बाबांची पेन्शन बेताची आहे आणि दरवर्षी पैसे भरत राहायचं म्हटलं तर ते लिहिणंच सोडून देतील, मी ओळखते त्यांना.

मोफत, मराठी नीट उमटवणारं आणि ७१ वर्षांच्या माणसाला जमेल असं काय आहे? तुमच्यापैकी कुणी रोज मराठी लिहिण्यासाठी काय वापरतं?

कोकणकडा, १२ जून, रात्री ९.५२

लिब्रेऑफिस. डोळे मिटून टाका. साडेतीनशे एमबीच्या आसपास डाउनलोड आहे, एकदा बसवलं की नेट लागत नाही, पैसे कधीच लागत नाहीत. त्यातला 'राइटर' म्हणजे आपलं वर्ड. मी दहा वर्षं तेच वापरतोय.

रेघोटी, १२ जून, रात्री १०.०५

माझं मत गूगल डॉक्सला. काही बसवायला नको, आपोआप सेव्ह होतं, लॅपटॉप बिघडला तरी लेखन जागेवर. आणि काकांसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे बोलून टाइप करता येतं, मराठीतसुद्धा. माझी आई ६८ वर्षांची आहे, ती पाककृती बोलून लिहिते. एखादा शब्द चुकतो, तेवढा हाताने दुरुस्त करते.

निंबोणी, १२ जून, रात्री १०.२०

रेघोटी, आईचं वाचून फार छान वाटलं. पण गावी नेटचा भरवसा नाही. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो, कधी कधी दोन-तीन दिवस. आणि बाबांचं लिहिणं पावसाळ्यातच होतं, बाकीचे महिने बागेत जातात. शिवाय 'तरवा', 'भाजावळ' हे शब्द मोबाइलवर बोलून बघितले, भलतंच काहीतरी उमटतंय.

रेघोटी, १२ जून, रात्री १०.२६

हो, बोलीतल्या शब्दांना ते अडखळतंच. मग नेटशिवाय चालणारंच घ्या. डॉक्स नेटशिवाय चालवता येतं, पण आधी तशी सोय करून ठेवावी लागते आणि ब्राउझर ठरावीकच लागतो. काकांच्या मागे तो व्याप नको.

सह्यवारा, १२ जून, रात्री ११.१०

निंबोणी, त्या पाचशेवाल्या ऑफिसला नाही म्हणालात हे लाखमोलाचं काम केलंत. माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका माणसाने माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असंच 'कायमचं' ऑफिस टाकलं. टाकताना त्याने अँटिव्हायरस बंद केला आणि "हे चालू करू नका, नाहीतर ऑफिस बंद पडेल" असं बजावलं. मी ऐकलं. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे विचित्र शेपूट लागलेलं आणि पडद्यावर पैशांची मागणी. माझी कामाची कागदपत्रं गेली त्याचं काही नाही, ती पुन्हा करता आली. पण वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यातच होते आणि दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते.

जे कुणी हा धागा वाचत असाल त्यांनी आज, आत्ता, आपल्या महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ऑफिस कुठलंही टाका, पण आधी हे करा.

कोकणकडा, १२ जून, रात्री ११.१८

वाचून वाईट वाटलं दादा. पेनड्राइव्ह लावलाय, कॉपी चालू आहे.

हिशेबनीस, १३ जून, सकाळी ७.३५

ताई, सॉफ्टवेअर शोधायच्या आधी लॅपटॉपचं बिल आणि खोक्यावरची माहिती वाचा. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपसोबत 'ऑफिस होम' एकरकमी परवान्याचं येतं, त्याची किंमत लॅपटॉपमध्येच धरलेली असते. लोक ते मुदतीत चालू करत नाहीत आणि वर पुन्हा पैसे भरतात. आमच्या कार्यालयात दोघांचं असं झालंय. 'ऑफिस ३६५ ट्रायल' लिहिलं असेल तर मात्र ते महिनाभराचंच.

आणि महिना संपला म्हणून त्यातल्या फाइल नाहीशा होत नाहीत. उघडतात, वाचता येतात, छापताही येतात. फक्त त्यात बदल करता येत नाही.

निंबोणी, १३ जून, सकाळी ९.००

बिल बघितलं काका, ट्रायलच आहे. पण हे मला ठाऊकच नव्हतं, धन्यवाद. मैत्रिणीने मार्चमध्ये लॅपटॉप घेतलाय, तिला लगेच बघायला सांगितलं. तिच्या खोक्यावर 'ऑफिस होम २०२४' आहे!

पोटमाळा, १३ जून, सकाळी ११.१५

मी जरा वेगळं सांगणार आहे. लिब्रेऑफिस चांगलंच आहे, पण ज्यांना ते वापरायचंय त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाकीचं जग वर्डच्या .docx फाइलवर चालतं. माझ्या प्रबंधाची प्रकरणं मार्गदर्शकांकडे जायची, त्या वर्डमध्ये दुरुस्त्या करून परत पाठवायच्या. तळटीपा, सारण्या, समासातले शेरे असं सगळं असलं की एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना रचना थोडीफार सरकतेच. सारणीची एक ओळ पुढच्या पानावर गेली की अनुक्रमणिकेचे पानक्रमांक पुन्हा तपासा.

ज्यांना सतत वर्डवाल्यांशी देवाणघेवाण करायची आहे त्यांनी ओन्लीऑफिस बघावं. तेही मोफत, तेही नेटशिवाय चालतं, त्याची मूळ फाइलच .docx आहे आणि दिसतंही बरंचसं वर्डसारखं. नेट असेल तर वर्डची ब्राउझरमधली आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर फुकट मिळते, सोबत ५ जीबी जागा. आणि आपल्या देशातलं हवं तर चेन्नईच्या झोहोचं 'रायटर' आहे, एकट्या माणसाला मोफत.

कोकणकडा, १३ जून, सकाळी ११.४०

पोटमाळा, तुमचं प्रबंधाच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण गुरुजींना मार्गदर्शक नाहीत, समासातले शेरे नाहीत. शब्द आणि त्याखाली अर्थ, एवढं साधं लेखन आहे. साधी फाइल कुठूनही कुठेही नीट जाते. आणि लिब्रेऑफिसलाही .docx मध्ये सेव्ह करता येतंच की.

पोटमाळा, १३ जून, सकाळी ११.५१

येतं हो, मी नाही कुठे म्हणाले? फक्त 'डोळे मिटून टाका' याला माझा आक्षेप आहे. डोळे उघडे ठेवून टाका. :)

कोकणकडा, १३ जून, सकाळी ११.५३

बरं, एक डोळा उघडा ठेवतो. :)

एल्बेकाठी, १३ जून, दुपारी २.३०

हॅम्बुर्गहून लिहितेय. लिब्रेऑफिसचं मूळ आमच्या या भागातलं, म्हणून राहवलं नाही. इथून जवळच ल्युनेबुर्ग नावाचं गाव आहे. तिथे १९८५ मध्ये १६ वर्षांच्या एका मुलाने, मार्को बोरीसने, स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, तेच ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा काम करणाऱ्या मंडळींना आपल्या प्रकल्पाची काळजी वाटली. त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळी चूल मांडली आणि नाव ठेवलं लिब्रेऑफिस. आज बर्लिनची 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था ते सांभाळते, बरंचसं देणग्यांवर.

आमच्या शेजारच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या सरकारने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरच शिकवतात.

काकांच्या कामाच्या दृष्टीने मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. लिब्रेऑफिसची ओडीटी ही फाइल २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेलं प्रमाण आहे. ती कशी लिहिली जाते हे जगाला माहीत आहे. उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी दुसरा कुणी ती फाइल उघडू शकेल. ज्या शब्दांचे बोलणारे निघून गेले ते शब्द अशाच फाइलमध्ये असावेत असं मला मनापासून वाटतं.

सातारी_कंदी, १३ जून, दुपारी ३.०५

या प्रतिसादाला दहा वेळा +१.

वडाचा_पार, १३ जून, दुपारी ४.२०

नुसतं वर्डपॅड नाही का पुरणार? विंडोजमध्ये असतंच.

हिशेबनीस, १३ जून, दुपारी ४.२८

होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काढून टाकलंय. नव्या लॅपटॉपमध्ये सापडणार नाही.

अक्षरवेडा, १३ जून, रात्री ८.४५

सगळ्यांनी सॉफ्टवेअरबद्दल लिहिलंय, मी मराठीबद्दल लिहितो, कारण अडतं ते तिथे. मी गेली बावीस वर्षं अक्षरजुळणी करतो.

निंबोणी, लिब्रेऑफिस टाका, पण काकांच्या हातात द्यायच्या आधी अर्धा तास स्वतः बसा. हा प्रोग्रॅम एकाच मजकुरासाठी दोन फॉन्ट धरून ठेवतो, एक इंग्रजी अक्षरांचा, एक देवनागरीचा. देवनागरी त्याच्या लेखी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'मध्ये, म्हणजे सीटीएलमध्ये येते. हे माहीत नसलेला माणूस शैलीत जाऊन आकार १६ करतो, इंग्रजी अक्षर मोठं होतं आणि मराठी होतं तेवढंच राहतं. मग तो म्हणतो की याला मराठी येत नाही. तर टूल्स, ऑप्शन्स, मग 'लँग्वेजेस अँड लोकेल्स'मध्ये जा. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या चौकटीत खूण नसेल तर करा आणि तिथे भाषा मराठी निवडा. ती खूण झाली की राइटरच्या पर्यायांत 'बेसिक फॉन्ट्स सीटीएल' असं पान दिसायला लागतं. तिथे आवडीचा देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवून टाका. काकांच्या डोळ्यांसाठी १६ तरी ठेवा. छापताना कमी करता येईल.

भाषा मराठी निवडणं ही नुसती नोंद नाही. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दोन्ही असतात, भाषा मराठी आहे हे कळलं की ते आपले देतात. फॉन्ट म्हणाल तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू मोफत आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' नावाचा आहे. पुस्तकाच्या मजकुराला मी यशोमुद्रा लावीन.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या संगणकावर दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. दुसऱ्या वाटेत साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. एका पुस्तकाच्या वेळी लेखकाने अर्धा मजकूर घरी लिहिला होता, अर्धा कार्यालयात, दोन वेगळ्या कीबोर्डांवर. शब्दसूचीसाठी 'शेतकऱ्या' शोधलं तर निम्मेच सापडले. कारण कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले. काकांचं काम तर शब्दकोशाचंच आहे, त्यांना शोधावं लागणारच. म्हणून एकच कीबोर्ड ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत र ची जी कळ आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. चुकून मिसळ झालीच तर एका प्रकारचा ऱ्या उचलून 'शोधा'च्या चौकटीत टाका, दुसऱ्या प्रकारचा 'बदला'च्या चौकटीत, आणि सगळे एकदम बदला.

मीठभाकर, १३ जून, रात्री ८.५८

बापरे. म्हणून माझ्या फाइलमध्ये 'वाऱ्यावर' कधी सापडायचं, कधी नाही. मला वाटायचं कॉम्प्युटरच जुना झालाय.

सातारी_कंदी, १३ जून, रात्री ९.१०

पण ७१ व्या वर्षी इनस्क्रिप्ट? फोनेटिक द्या ना. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहेच. इंग्रजी स्पेलिंग लिहिलं की मराठी उमटतं.

टंकलेखिका, १३ जून, रात्री ९.३५

कंदी, मी उलट सांगेन. फोनेटिकमध्ये माणूस मनात आधी इंग्रजी अक्षरं जुळवतो. मराठी शाळेत ३५ वर्षं बाराखडी शिकवलेल्या शिक्षकांना ते कशाला? इनस्क्रिप्ट वर्णमालेवरच बेतलेलं आहे : स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. गुरुजींना त्यामागचं सूत्र दहा मिनिटांत कळेल. हाताला वळण लागायला पंधरा दिवस.

मी स्वतः जुन्या रेमिंग्टन मांडणीवर शिकले, गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर, १९८९ साली. तळहाताएवढं दार असलेल्या क्लासमध्ये बारा मशीन एकदम वाजायच्या. ओळ संपली की घंटी, मग डाव्या हाताने कॅरेज ढकलायची. अर्धं अक्षर आधी आणि काना नंतर असं तुकड्यातुकड्यांनी शब्द बांधायचे. बोटांना अजून आठवतं. पन्नाशीत इनस्क्रिप्ट शिकले तेव्हा वाटलं, हे आधी का नाही आलं हातात.

कीबोर्डवर चिकटवायचे मराठी स्टिकर मिळतात, ते आणा. पहिले पंधरा दिवस फार उपयोगी पडतात.

सातारी_कंदी, १३ जून, रात्री ९.४१

टंकलेखिका ताई, हे पटलं. शब्द मागे घेतो. ते क्लासचं अजून लिहा कधीतरी, वेगळा धागा काढून.

निंबोणी, १४ जून, सकाळी १०.१५

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काय बोलू. काल रात्री बाबांना फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. टंकलेखिका ताईंचं ऐकून म्हणाले, "स्टिकर आण."

आणखी एक विचारायचं राहिलं. २००४ च्या सुमारास बाबांचे काही लेख गावच्या मंडळाच्या स्मरणिकेत आले होते, ते तालुक्याला टाइप करून घेतले होते. त्याची सीडी आहे. फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि आकडे दिसतात. फाइल खराब झालीये का?

अक्षरवेडा, १४ जून, सकाळी १०.५०

नाही, फाइल धडधाकट आहे. त्या काळी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली एकच संगणकी मांडणी, आपल्याकडे रुळलेलं नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा प्रत्येकाची आपापली मांडणी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर हे असं. मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं ते बघा, त्यावरून मूळ मांडणी कळेल. मग त्या मांडणीचं युनिकोड रूपांतर करणारी साधनं नेटवर मोफत मिळतात.

मूळ सीडीला हात लावू नका, प्रत काढून त्यावर काम करा. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अर्धा र डोळ्यांत तेल घालून तपासा. वेलांटी जुन्या मांडणीत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणून तिथेच गफलत होते. आणि तपासायला काकांनाच बसवा, मजकूर त्यांचा आहे.

दिवाळीअंकवाली, १४ जून, दुपारी १२.२०

आमच्या लहानशा अंकाच्या अनुभवावरून दोन शब्द. छापखान्यात फाइल देताना पीडीएफच द्या. लिब्रेऑफिसमध्ये थेट पीडीएफ करता येतं आणि फॉन्ट त्यातच बसून जातो. आम्ही एकदा उघडी फाइल पाठवली होती, समोर तो फॉन्ट नव्हता, सगळी जोडाक्षरं हलली आणि तीस पानं पुन्हा लावावी लागली. उघडी फाइल द्यावीच लागली तर प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट फाइलमध्येच घालायची सोय आहे, ती वापरा.

रोहेकर, १४ जून, दुपारी १.४०

विषय थोडा सोडतो, पण तरवा वाचून गावची आठवण आली. आमच्याकडे रोह्याला रोपांना आवण म्हणतात आणि लावणीला आवणी. गुरुजींच्या वहीत हे आहे का? नसेल तर विचारा त्यांना, घेतील का म्हणून.

निंबोणी, १४ जून, दुपारी २.१५

रोहेकर, आत्ताच विचारलं. म्हणाले ऐकलेला आहे, पण त्यांच्या भागातला नाही म्हणून घेतला नव्हता. आता 'रायगडकडे आवण' अशी जोड देणार आहेत. फार खूश झाले.

पोटमाळा, १४ जून, दुपारी ३.००

शब्दकोश आहे म्हणून एक सांगते. सगळे शब्द लिहून झाल्यावर ते वर्णानुक्रमे लावायला हाताने कापाकापी करू नका. प्रत्येक नोंद एका परिच्छेदात ठेवा, सगळं निवडा आणि टूल्समधलं 'सॉर्ट' वापरा. त्या चौकटीत भाषा मराठी निवडायला विसरू नका. संगणकाच्या मूळ क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे नुसत्या संगणकी क्रमाने 'मळणी' आधी येईल आणि 'मशागत' नंतर, आपल्याला हवंय त्याच्या उलट. क्रम लावून झाला की ळ, क्ष आणि ज्ञ असलेले शब्द तेवढे नजरेखालून घाला.

आणि हो, काकांसाठी लिब्रेऑफिसच. दोन्ही डोळे उघडे ठेवून सांगतेय.

कोकणकडा, १४ जून, दुपारी ३.०४

:) :)

हिशेबनीस, १४ जून, संध्याकाळी ६.३०

वीज जाते म्हणालात म्हणून : ऑप्शन्समध्ये 'लोड/सेव्ह'खाली आपोआप नोंद ठेवण्याची वेळ १० मिनिटं असते, ती २ करा. त्याच पानावर 'नेहमी जुनी प्रत ठेवा' अशा अर्थाची चौकट आहे, तिच्यावर खूण करा. आणि गुरुजींना कंट्रोल आणि एस ही जोडी शिकवा. माझ्या सासऱ्यांना मी सांगितलंय, पूर्णविराम दिला की सेव्ह.

निंबोणी, ६ जुलै, रात्री १०.००

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. गावी जाऊन आले.

लिब्रेऑफिस बसवलं, सीटीएलची खूण केली, यशोमुद्रा १८ आकारात लावला, स्टिकर चिकटवले. पहिल्या दिवशी बाबा एक तास नुसते कळा बघत बसले. मग स्वतःच म्हणाले, "प आणि फ एकत्र, ब आणि भ एकत्र. म्हणजे वर्गाप्रमाणे आहे हे." त्यानंतर मला काही शिकवावं लागलं नाही. पहिली नोंद त्यांनी पाऊण तासात लिहिली. ती इथे देते, त्यांनी परवानगी दिलीये :

"उडवी : कापलेल्या भाताचे भारे मळणीपर्यंत रचून ठेवतात ती रास. कणसे आत, बुंधे बाहेर. रचणारा वर उभा राहतो, खालून भारे देतात. उडवी नीट रचली तर अवकाळी पाऊस आत जात नाही."

खाली 'दुसऱ्या' हा शब्दही लिहून ते छापून त्यांच्या हातात दिलं तर चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि 'दुसऱ्या'चा ऱ्या कसा आलाय ते बघायला भिंग घेतलं. अक्षरवेडा, तुमची शिकवण पोचलीये.

सीडीवरचे लेखही निघाले, वेलांट्या तपासायचं काम चालू आहे. फाइल लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि नेट असेल तेव्हा माझ्याकडे मेलने, अशा तीन जागी राहतात. सह्यवारा, हे तुमच्यामुळे.

आता एकच शंका. वहीत त्यांनी इरल्याचं चित्र काढलंय, आतल्या कामट्यांची वीण दाखवणारं. ते मी मोबाइलने काढून फाइलमध्ये घातलं, पण वर एक ओळ वाढली की चित्र भलतीकडे पळतं.

दिवाळीअंकवाली, ६ जुलै, रात्री १०.१८

चित्रावर उजवं क्लिक करून 'अँकर'मध्ये 'अॅज कॅरेक्टर' निवडा. मग ते अक्षरासारखं ओळीत बसतं, जागा सोडत नाही. आणि मोबाइलचा फोटो दिवसा, खिडकीजवळ, वही सपाट ठेवून काढा, म्हणजे छापताना कामट्या स्पष्ट येतील.

निंबोणी, ६ जुलै, रात्री १०.४०

बसलं! बाबांना फोन करून सांगितलं. ते अजून जागे आहेत, 'क' मधलं कवळ लिहिताहेत.